बारा महिन्यांत चार पॉइंट

१४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. फ्रीमाँटमधल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये मी गाडीचे दार उघडले, तर बायको शेजारच्या सीटवर आधीच बसलेली होती. माझी सुनावणी नऊ वाजता सॅन होझेला होती. मी एकटा जाणार, हे आदल्या दिवशी जेवताना स्पष्ट सांगितले होते.

"उतर," मी म्हणालो.

"नाही उतरणार."

"मी काही खरेदीला चाललो नाही."

"मलाही काही घ्यायचं नाही. चला, उशीर होईल."

माझी नजर तिच्या पायांकडे गेली. साडीखाली निळे कॅनव्हासचे बूट होते. ते बूट ती फक्त गाडी चालवताना घालत असे. सात वर्षांपूर्वी तिला परवाना मिळाला, तेव्हा चपला पेडलवरून सटकतात म्हणून घेतलेले. मला संताप आला.

"म्हणजे माझा परवाना जाणार, हे तू ठरवूनच टाकलंस."

"मी काही ठरवलं नाही. राहिला तर बूट काढून ठेवीन. पर्समध्ये चपला आहेत."

मी गाडी सुरू केली. तिला उतरवण्यात दहा मिनिटे गेली असती आणि तेवढी माझ्याकडे नव्हती.

परवाना हा माझ्यासाठी पाकिटातला एक कागद नव्हता. मी बॉयलर तपासनीस होतो. एका विमा कंपनीच्या वतीने लाँड्र्या, बेकऱ्या, रुग्णालये आणि फळे डबाबंद करणारे कारखाने यांतले बॉयलर तपासत असे. कामासाठी कंपनीची गाडी होती आणि त्या गाडीची एकच अट होती: चालकाचा परवाना चालू हवा. परवाना गेला की फिरती गेली, आणि फिरतीखेरीज कंपनीला माझा दुसरा उपयोग नव्हता. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो. त्या वयाच्या माणसाला नवी नोकरी कशी मिळते, म्हणजे कशी मिळत नाही, हे ओळखीच्या दोघांच्या बाबतीत मी पाहिले होते.

सप्टेंबरात परवाना खात्याचा स्थगितीचा आदेश आला; मी सुनावणी मागितल्याने तो तेवढ्यापुरता थांबला होता. त्यात मला 'निष्काळजी चालक' म्हटले होते. हा त्या कायद्यातला ठरलेला शब्द आहे, कोणा कारकुनाने रागाने लिहिलेला नाही, हे मला नंतर कळले. त्याने काही फरक पडला नाही. लोकांचा निष्काळजीपणा शोधून काढणे हाच माझा चोवीस वर्षांचा धंदा होता. सुरुवात साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये झाली, पुढे या देशात. पाण्याची काच, वाफेचा काटा, सेफ्टी व्हॉल्व्ह. माझी सही असलेल्या एकाही बॉयलरने कोणाचे बोट भाजले नव्हते. त्या माणसाला कोणीतरी टपालाने निष्काळजी ठरवले, आणि मी तो लिफाफा माझ्याच पेपर कटरने नीट कापून उघडला.

पद्धत अशी होती. वाहतुकीचा साधा नियम मोडला की तुमच्या नावावर एक पॉइंट. दारू पिऊन गाडी चालवलीत किंवा अपघात करून पळालात, तर दोन. बारा महिन्यांत चार, चोवीस महिन्यांत सहा किंवा छत्तीस महिन्यांत आठ झाले की तुम्ही निष्काळजी, आणि परवाना स्थगित. कोण किती मैल चालवतो, याला त्या मोजणीत जागा नव्हती. आमच्या मंडळातले एक गृहस्थ गाडी फक्त वाण्याकडे आणि कोणाच्या घरी पूजा असली तर तिकडे नेत. त्यांना चार, आणि वर्षाला तीस-पस्तीस हजार मैल रस्त्यावर असणाऱ्या मलाही चार. हा हिशेब ज्याने केला त्याने आयुष्यात कधी लांबची फिरती केलेली नसावी, असे माझे तेव्हा मत होते. आजही आहे.

माझे चार असे झाले. पहिला नोव्हेंबरात, फ्रीवेवर. मर्यादा ताशी पंचावन्न मैलांची, मी सदुसष्टवर. माझ्या पुढचाही सदुसष्टवर होता आणि मागचाही. पोलिसाने मधला उचलला. दुसरा फेब्रुवारीत, माझ्याच घराजवळच्या चौकात. स्टॉपच्या पाटीपाशी माझी चाके पूर्ण थांबली नाहीत, असे त्याचे म्हणणे. तेव्हा माझ्याकडून आणखी एक गोष्ट घडली. पोलिसाची गाडी मागे थांबली, तसा मी खाली उतरून त्याच्याकडे चालत गेलो. आपल्याकडे साहेब आला की आपण बसून राहत नाही. त्याने लाउडस्पीकरवरून मला गाडीत परत बसायला सांगितले, दोनदा, आणि दुसऱ्यांदा त्याचा हात कमरेवर होता. शेजारच्या दोन घरांचे पडदे हलले. मी गाडीत जाऊन बसलो. बायको शेजारी होती. 

तिसरा मे महिन्यात, पिवळा दिवा जाता जाता घेतलेल्या डाव्या वळणाचा. चौथा ऑगस्टमध्ये. त्याची हकिगत थोडी जास्त सांगावी लागेल.

त्या दिवशी मी एका लाँड्रीचा बॉयलर बंद करून येत होतो. तीन दोष सापडले होते. तिन्ही लहान, पण आमचा नियम असा की तीन झाले की लाल पट्टी लावायची, आणि पट्टी लागली की दुरुस्ती आणि फेरतपासणी होईपर्यंत वाफ बंद. लाँड्रीचा मालक म्हातारा पोर्तुगीज होता. तो आत जाऊन कागद घेऊन आला. दुरुस्तीवाल्याला दिलेल्या पैशांच्या पावत्या. प्रत्येक दोषासाठी त्याने कोणाला ना कोणाला बोलावले होते, पैसे मोजले होते. तो एकेक पावती माझ्यासमोर धरत होता. मी म्हणालो, पावतीने वाफ अडत नाही. पट्टी लावली. त्याच्याकडे कामाला असलेल्या चार बायका एप्रन काढून घरी निघाल्या. या सगळ्यात पाऊण तास गेला आणि मला पुढे एका रुग्णालयात वेळेवर पोहोचायचे होते. एका नव्या रस्त्यावर मी एकेचाळीसवर होतो. तिथे मर्यादा पंचवीसची होती. पाटी एका झाडाच्या फांदीमागे होती.

ही पाटी मी नंतर जाऊन मोजली. रस्त्याच्या कडेपासून अंतर, जमिनीपासून उंची, फांदीचा विस्तार, चालकाच्या डोळ्यांची उंची धरून पाटी किती फुटांवरून दिसू लागते ते. आलेखाच्या कागदावर आकृती काढली, तीन फोटो चिकटवले. काम व्यवस्थित झाले होते. आणि मग मी दंडाचा चेक टपालात टाकला.

हेच मी चारही वेळा केले. तिकीट हातात पडले की त्याच दिवशी चेक. कोर्टात मी गेलो नाही. आमच्या घराण्यात कोणी कोर्टात उभे राहिलेले नाही, आरोपी म्हणून तर नाहीच. दंड भरला, पावती आली, पावतीला दोन भोके पाडून ती फाइलला लावली. विषय संपला. खात्याकडून फेब्रुवारीनंतर एक सूचनेचे पत्र आले, मेनंतर दुसरे. पहिले मी फाइलला लावले. दुसऱ्याला उत्तर दिले: आपले पत्र मिळाले, मजकुराची नोंद घेतली, आभारी आहे. सरकारी पत्राला पोच द्यावी, असे मला शिकवले होते.

विषय संपलेला नाही, हे मला सप्टेंबरात माझ्या मुलीने सांगितले. ती पंधरा वर्षांची होती आणि शाळेत गाडी चालवण्याचे धडे घेत होती. आदेश जेवणाच्या टेबलावर पडला होता. तिने तो उचलून वाचला.

"बाबा, तुम्ही फाइन पे केलात?"

"ताबडतोब. चारही."

"म्हणजे चारही वेळा गिल्टी म्हणालात."

"मी काही म्हणालो नाही. दंड भरला."

"तेच. भरणं म्हणजेच गिल्टी. पैसे गेले की पॉइंट लागतो."

"कुठे लिहिलंय?"

तिने खोलीतून एक पातळ पुस्तिका आणली आणि पान उघडून माझ्यासमोर ठेवली. "आम्हाला टेस्टसाठी पाठ करावं लागतं. पहिल्या तिकिटाला ट्रॅफिक स्कूल केलं असतंत ना, तर तो पॉइंट लागलाच नसता. एक सॅटर्डे. दॅट्स ऑल."

ते मला माहीत होते. पहिल्या तिकिटाबरोबर त्या शाळेचा कागद आला होता. शनिवारी आठ तास, एका मोटेलच्या हॉलमध्ये, लोखंडी खुर्चीवर. मी तो फाडून टाकला होता. मी इतरांना बॉयलरची सुरक्षा शिकवत असे. मी बाकावर बसणार नव्हतो.

"बाबांना शाळेत पाठवणार तू?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिथल्या मास्तराचं काय होईल?"

मुलगी हसली. मी ताट सारून उठलो.

तर त्या मंगळवारी मागच्या सीटवर ती फाइल होती. तिच्यात चार पावत्या होत्या, दोन पत्रे आणि त्यांतल्या एकाची पोच, पाटीची आकृती, कंपनीचे शिफारसपत्र, आणि माझ्या कॉलेजच्या प्राचार्यांनी दिलेला चारित्र्याचा दाखला, राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेल्या प्रतीसह. दाखला मूळ होता, तरी प्रतही घेतली. मूळ कागद कोणाच्या हाती द्यायचा नाही.

घराजवळच्या चौकात, स्टॉपच्या पाटीपाशी, मी गाडी थांबवली. पूर्ण. मनात तीन आकडे मोजले. मागच्याने हॉर्न दिला.

"चला आता," बायको म्हणाली.

"मी नियम पाळतोय."

"आज?"

 सॅन होझेपर्यंत उजव्या लेनमध्ये पंचावन्नवर गेलो आणि संपूर्ण वेळ दात आवळून होतो.

सुनावणीची खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, टेपरेकॉर्डर. मी जज्जाची अपेक्षा केली होती. समोर पस्तिशीची एक बाई होती, स्वेटर घातलेली, हातात कॉफीचा कागदी पेला. बायकोला तिने बाहेर बाकावर बसायला सांगितले. टेप सुरू केला, तारीख सांगितली, माझे नाव चुकीचे उच्चारले. मी ते दुरुस्त केले. तिने दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारे चुकवले. मी सोडून दिले.

"तुमच्या बाजूने काही दाखवायचं आहे?" ती म्हणाली.

मी फाइल उघडून तिच्याकडे वळवली. प्रत्येक कागदाला क्रमांक होता. ती सावकाश पाने उलटत गेली. पावत्यांपाशी थांबली.

"हे काय आहे?"

"दंड भरल्याच्या पावत्या. प्रत्येक दंड त्याच दिवशी भरलेला आहे. एकही थकबाकी नाही. मी जबाबदार माणूस आहे, याचा तो पुरावा आहे."

तिने माझ्याकडे पाहिले. ती थट्टा करत नव्हती, हे मला मान्य करावे लागेल.

"सर, हा चारही वेळा तुम्ही दोषी असल्याचा पुरावा आहे. तो माझ्याकडे होताच."

मी तिला आकृती दाखवली. अंतरे समजावून सांगितली. तिने फोटो नीट पाहिले.

"हे चांगलं आहे," ती म्हणाली. "हे तुम्ही जज्जाला का दाखवलं नाहीत? तिथे कदाचित हे तिकीट रद्द झालं असतं. मग तुमचे तीनच पॉइंट राहिले असते आणि आज आपण इथे बसलो नसतो."

"मी कोर्टात जात नाही."

"ते मला दिसतंय. पण त्या पाटीचा निकाल तिथे लागला. तुम्हीच लावलात. मला तो बदलता येत नाही."

 मी त्या पाटीसाठी एक आख्खा शनिवार घालवला होता. मोटेलमधल्या शाळेला लागला असता तेवढाच.

दाखल्यापाशी ती पुन्हा थांबली. शिक्का उजेडाकडे धरून पाहिला. "आणि हे?"

"चारित्र्याचा दाखला."

"कोणाच्या?"

"माझ्या."

"वर्ष एकोणीसशे एकसष्ट?"

"चारित्र्य बदललेलं नाही."

तिने कागद अलगद खाली ठेवला. त्या अलगदपणाचाही मला राग आला. मग मी बोलू लागलो. मैलांबद्दल बोललो. वाण्याकडे जाणाऱ्या माणसाला आणि मला एकाच मापाने कसे मोजता, हे विचारले. पूर्ण थांबणे आणि जवळजवळ थांबणे यांत एका सेकंदाचा फरक आहे, दारुड्याला दोन पॉइंट आणि या सेकंदाला एक, हे कोणत्या बुद्धीने ठरले, हे विचारले. माझा आवाज वाढला असावा, कारण तिने टेपरेकॉर्डर किंचित लांब सरकवला.

"पावत्या मला वाचता येतात," ती म्हणाली. "तुम्ही गाडी कशी चालवता, ते मला त्यांतून दिसत नाही. तेवढ्यासाठी तुम्हाला बोलावलं आहे."

हे बोलणे मला ओळखीचे वाटले. कुठले ते त्या वेळी आठवले नाही, किंवा मी आठवू दिले नाही.

"तुमच्या नोकरीला गाडी लागते, हे पत्रात आहे," ती पुढे म्हणाली. "तुमचे मैल मी विचारात घेऊ शकते. फक्त कामापुरता परवाना चालू ठेवण्याचाही मला अधिकार आहे. पण त्यासाठी हे पुन्हा होणार नाही, असं मला वाटलं पाहिजे. म्हणून एकच विचारते. या चारांपैकी तुमची चूक कोणती?"

"एकही नाही."

"एकही?"

"नाही."

तिने पेन उचलले नाही.  "बघा. एक तरी? मी चार म्हणत नाही. एक."

ती दार उघडून धरत होती, हे न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो. फेब्रुवारीतला तो चौक मला स्पष्ट दिसत होता. माझी चाके थांबली नव्हती. काटा पाचावर असावा, कदाचित सातावर. दोन शब्द पुरले असते. त्या दोन शब्दांवर माझी फिरती होती, कंपनीची गाडी होती, मुलीच्या कॉलेजची सोय होती. समोरची बाई माझ्यापेक्षा चौदा-पंधरा वर्षांनी लहान होती आणि तिला माझे नाव घेता येत नव्हते.

"रस्ता रिकामा होता," मी म्हणालो.

तिने पेन उचलले.

सहा महिने स्थगिती, त्यानंतर उरलेले वर्षभर देखरेख. त्या वर्षात एक तिकीट मिळाले तरी पुन्हा स्थगिती. तिने हे सर्व त्याच आवाजात सांगितले, ज्या आवाजात तारीख सांगितली होती. मग हात पुढे केला. मला वाटले, हस्तांदोलनासाठी. तिला परवाना हवा होता. पाकिटाच्या प्लॅस्टिकच्या खणात तो चिकटून बसला होता आणि निघता निघत नव्हता. ती थांबून राहिली. अखेर नखाने खरवडून काढला.

बाहेर बायको बाकावर बसली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. तिने फक्त हात पुढे केला, आणि एका तासात दुसऱ्यांदा मी एका बाईच्या हातात काहीतरी ठेवले. या वेळी किल्ल्या.

सात वर्षांत ती फ्रीवेवर कधी गेली नव्हती. तशी माझी ताकीद होती. तिची जुनी स्टेशन वॅगन ती काम करी ते ग्रंथालय, वाणी, शाळा एवढ्याच फेऱ्या करी. माझ्या, म्हणजे कंपनीच्या, गाडीला तिने हात लावला नव्हता. तिने सीट पुढे घेतली, आरसा खाली वळवला, पदर खोचला.

"आतल्या रस्त्याने चल," मी म्हणालो.

"तासभर लागेल."

"लागू दे."

"तुम्हाला ऑफिसला फोन करायचाय ना?" ती म्हणाली आणि फ्रीवेच्या चढावाकडे वळली.

मी दारावरचा दांडा धरला. एक ट्रक मागून आला. तिने त्याला जाऊ दिले, मग आत शिरली. उजव्या लेनमध्ये पंचावन्नवर स्थिरावली. दोन्ही हात चाकावर, पाठ ताठ.

"पासष्ट कर. मागचे अंगावर येतायत."

"बोर्ड पंचावन्नचा आहे."

"सगळे पासष्टने जातायत!"

"जाऊ देत. त्यांच्याकडे पॉइंट शिल्लक असतील."

माझा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता.

"अहो, तिथे ब्रेक नाही," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली.

काही मैल गेले. मग तिने विचारले, "काय म्हणाली ती?"

मी सांगितले. चार वाक्यांत. शेवटचा प्रश्नही सांगितला.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"रस्ता रिकामा होता म्हणून."

 एक गाडी आमच्या पुढे घुसत होती, तिला जागा दिली.

"कुठला रस्ता?"

"आपल्या कोपऱ्यावरचा. फेब्रुवारीतला."

"तो रिकामा नव्हता."

"काय?"

"मी शेजारी बसले होते ना. कुत्रं घेतलेली म्हातारी होती कडेला. पलीकडच्या गल्लीतली. तिने पाय खाली टाकला होता. आपण थांबलो नाही तशी ती मागे झाली, आणि कुत्र्याला पट्ट्याने ओढलं तिने."

"कोणी नव्हतं तिथे."

"होती. मला अजून भेटते ती. मी हात करते, ती करत नाही."

मला ती म्हातारी आठवत नव्हती. आठवत नव्हती, कारण मी तिला पाहिले नव्हते. पाण्याच्या काचेतली केसाएवढी रेघ मी दहा फुटांवरून पाहत असे. मी खिडकीकडे तोंड केले.

"तेव्हा का बोलली नाहीस?" मी विचारले. मी ओरडलो असे ती नंतर म्हणे.

"कधी बोलू? आधी तुम्ही पोलिसाशी भांडत होतात. मग घरी आल्यावर माझ्याशी." तिने दिवा दिला, आरशात पाहिले, मान वळवून पाहिले आणि लेन सोडली. "आणि बोलले असते तर ऐकलं असतंत?"

गॅरेजमध्ये गाडी थांबली तेव्हा मी घड्याळ पाहिले. त्या रस्त्याला मला नेहमी लागतात त्यापेक्षा चारच मिनिटे जास्त लागली होती. हे मी तिला सांगितले नाही.

साहेबांना फोन केला. ते माझ्यापेक्षा वयाने लहान, पण सभ्य होते. त्यांनी मधेच तोडले नाही. मग म्हणाले की कंपनीची गाडी तर आता देता येणार नाही. कार्यालयात दुसऱ्यांचे तपासणी अहवाल वाचायला एक माणूस हवा आहे, सहा महिने ते करा. पुढचे पुढे बघू. पगाराबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही. गाडी न्यायला माणूस पाठवतो, किल्ल्या उद्या सकाळी सातला ऑफिसात जमा करा, एवढे म्हणाले.

"सातला म्हणजे सहाला निघावं लागेल," बायको म्हणाली. ती सगळे ऐकत होती. "मी सोडीन. मग तिथून माझ्या कामावर."

"माझ्या गाडीने?"

"नाही. माझ्या. मला तिची सवय आहे."

मुलगी शाळेतून आली. तिला आईने सांगितले असावे. ती माझ्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली. "बाबा, सिक्स मंथ्सने माझं लायसन्स होईल. मग मीपण सोडीन तुम्हाला." मी मान हलवली. ती चांगल्या मनाने म्हणाली होती आणि ते ऐकून मला जेवढा राग आला तेवढा त्या दिवशी दुसऱ्या कशाचा आला नव्हता.

जेवणापूर्वी मी फाइल काढली. आदेशाला भोके पाडून तो पावत्यांच्या वर लावला. प्राचार्यांचा दाखला काढून घेतला आणि कपाटात, पासपोर्टांखाली ठेवला. त्यानंतर मी तो कोणाला दाखवलेला नाही. फाइल मिटताना लाँड्रीवाला म्हातारा आठवला. ऑगस्टपासून बंद असलेल्या त्याच्या बॉयलरची फेरतपासणी माझ्याकडेच, पुढच्या आठवड्यात होती. आता दुसरा कोणी जाणार होता. त्याच्या पावत्यांच्या तारखा मी वाचल्याही नव्हत्या. मी साहेबांसाठी चिठ्ठी लिहिली: फेरतपासणीला उशीर करू नये, शक्य तर उद्याच माणूस पाठवावा. ती उद्याच्या किल्ल्यांच्या जुडग्याला रबराने बांधली.

ती पद्धत न्याय्य नव्हती. मी हे आज म्हातारपणीही म्हणतो, आणि कोणी विचारले तर टेपरेकॉर्डरसमोर म्हणेन. मोजायचे असेल तर मैल मोजा, पाटीपुढच्या फांद्या मोजा, माणूस किती वर्षे नीट वागला ते मोजा. चार हा आकडा आहे, न्याय नव्हे. परंतु त्या चारांपैकी एक माझा होता. तो कोणता, हे त्या बाईला सांगायला मला एक वाक्य लागले असते.

साडेसहा वाजता मी गॅरेजमध्ये गेलो. स्टेशन वॅगनकडे मी कित्येक महिने पाहिले नव्हते. फ्रीवेवर जात नाही, तिला काय होते आहे, असे मी म्हणत असे. खिशातला गेज काढला आणि चारही चाकांतली हवा तपासली. पुढची दोन ठीक होती. मागचे डावे तीन पौंड कमी, मागचे उजवे सात. सात पौंड कमी असलेल्या चाकावर ती मुलीला शाळेत नेत होती. पायाचा पंप लावला, दोन्ही भरली, पुन्हा मोजली, आणि व्हॉल्व्हच्या टोप्या घट्ट बसवल्या.